बिनकाट्याची बाभूळ

करंजवाडी (भीमपूरजवळ), जि. आदिलाबाद
मंगळवार, दि. ७ मार्च १९९५

प्रिय राही,

तुला आणि नागोराव भाऊजींना माझा नमस्कार, चिमुकल्या बयनाला पापा. इकडे आम्ही सर्व बरे आहोत. तुमच्या तिघांच्या प्रकृती उत्तम असतील असे धरून चालते.

तुझे बेल्लमपल्लीहून आलेले पत्र मला ८ फेब्रुवारीलाच मिळाले. उत्तराला जवळजवळ महिना लागला, याबद्दल आधी क्षमा मागते. शाळेत तपासणी होती, त्यानंतर सातवीच्या परीक्षेचे अर्ज भरायचे होते. शिवाय मी लिहायला किती वेळ लावते हे तुला ठाऊकच आहे. एक वाक्य लिहायचे, खोडायचे आणि पुन्हा तेच लिहायचे, ही माझी सवय अजून गेलेली नाही.

तुझे अक्षर पाहून फार बरे वाटले. अजूनही तू 'र' काढताना त्याचे शेपूट पुढच्या अक्षरात अडकवतेस. भगवानराव गुरुजी म्हणायचे, "राही, तुझा र शेजाऱ्याचं धोतर ओढतो." ते वाक्य मी परवा माझ्या वर्गातल्या एका मुलीला म्हटले आणि मग तासभर मला तुझीच आठवण येत राहिली. गुरुजींच्या खुर्चीवर बसून मी शिकवते, याची मला अजून सवय झालेली नाही. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत नाही, म्हणून मुले आपसूक पुढे सरकून बसतात. बाबांचे दुकान चालू आहे. देवकामावशी आठवडी बाजारात भेटतात आणि दर वेळी विचारतात, "आली का वं माह्या पोरीची काही चिठ्ठी?"

तू शाळेतल्या झाडांविषयी विचारले आहेस. ती आता खूप उंच झाली आहेत. दिवाळीच्या सुमारास यंदा अशी फुलली की भीमपूरच्या रस्त्यावरून शाळा दिसायच्या आधी तो पिवळा पट्टाच दिसायचा. सुरवंटासारखे ते लांबट तुरे खाली झडतात आणि मुली ते वेणीत खोवतात. विळ्याच्या पात्यासारखी वाकडी पाने वर्षभर गळत राहतात. ती झाडता झाडता आमची शिपाईण कुसुमबाई गुरुजींचा उद्धार करते. "गुर्जी गेले अन् कचरा ठेवून गेले," असे तिचे म्हणणे. पण दुपारी तीच त्या सावलीत पदर अंथरून पडलेली असते. आता तुऱ्यांच्या जागी शेंगा आल्या आहेत. कानाच्या पाळीसारख्या पिळलेल्या त्या शेंगा उकलल्या की काळे बी केशरी दोऱ्याला लोंबकळते.

राही, ही झाडे कोणाच्या बोलण्यामुळे लागली हे आज गावात कोणालाही आठवत नाही. मला मात्र तो दिवस लख्ख आठवतो. सातवीत आपण सहा मुली उरलो होतो. शाळेच्या मागे उघडे माळरान. दुपारच्या सुट्टीत मुली आडोशासाठी घरी जायच्या आणि पुष्कळदा परत यायच्याच नाहीत. सगळ्यांना कारण माहीत होते. बोलत कोणीच नव्हते. मी तर मेले असते तरी बोलले नसते. तू मात्र उभी राहिलीस आणि गुरुजींकडे न बघता, फळ्याकडे बघून म्हणालीस, "गुर्जी, पोरीले आडोसा नाही. म्हनून पोरी येत नाहीत." मुलांच्या बाजूने खसखस पिकली. गुरुजींनी खडू खाली ठेवला. पुढच्या सोमवारी ते आदिलाबादहून कागदाच्या पुडीत शेरभर बी घेऊन आले. म्हणाले, "भिंत बांधायला मंजुरी लागते. झाडाला लागत नाही. ही ऑस्ट्रेलियन बाभूळ. हिला काटे नाहीत, शेळ्या तोंड लावत नाहीत आणि तीन वर्षांत हिचा पडदा होतो."

आता त्या पडद्यामागे मुली निर्धास्त जातात. यंदा सातवीत एकोणीस मुली आहेत.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. तू लिहितेस की क्वार्टरांच्या रांगेसमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत काळे होतात, आणि तुमच्या महिला मंडळाने झाडे लावायचे ठरवले आहे. शेजारच्या तेलुगू बायका 'तुम्मा', म्हणजे बाभूळ, नको म्हणतात, दारात काटेरी झाड बरे नव्हे म्हणतात, हेही तू लिहिले आहेस. त्यांना एक फांदी दाखव. तिच्यावर हात फिरवू दे. आपल्या गावानेही असाच हात फिरवून पाहिला होता.

धूळ अडवायला हे झाड उत्तम, कारण ते जमिनीपासूनच दाट वाढते आणि बारा महिने हिरवे राहते. मात्र एकच रांग लावू नका. दोन रांगा लावा. पुढच्या रांगेतल्या दोन झाडांमधल्या फटीसमोर मागच्या रांगेतले झाड येईल अशा बेताने. दोन झाडांत सहा फुटांचे अंतर पुरे. रस्त्याच्या बाजूच्या फांद्या छाटू नका. घराच्या बाजूच्या तेवढ्या छाटा, म्हणजे अंगणात वारा खेळेल. भिंतीपासून निदान पंधरा फूट दूर लावा. हे लाकूड ठिसूळ असते. वैशाखातल्या वादळात आमच्या शाळेचे एक झाड मधोमध चिरले आणि स्वयंपाकाच्या खोलीची कौले फुटली. विजेच्या तारांखाली तर मुळीच नको. नळाच्या पाइपाजवळही नको. आणि त्याच्या खाली तुळस, गुलाब, भाजी काही येईल अशी आशा धरू नका. पानांचा थर कोणाला वर येऊ देत नाही. तुझ्या फुलझाडांसाठी घराच्या अंगाची मोकळी पट्टी राख. पलीकडच्या टोकाला दोन कडुनिंब लावलेत तर आणखी चांगले, कारण बाभूळ पंधरा-वीस वर्षांत थकेल, तेव्हा कडुनिंब हाताशी येतील. सोबत मी एक आकृती काढून पाठवते आहे.

बी कसे तयार करायचे ते पुढे लिहिते.

रोपांच्या पिशव्यांना खाली भोके पाडायला विसरू नका. माती, वाळू आणि शेणखत सारख्या प्रमाणात घ्या. ऊन उतरल्यावर पाणी द्या.

मघाच्या वाक्यानंतर मी पेन खाली ठेवून बाहेर जाऊन आले. बी कसे तयार करायचे हे मला लिहिता येत नाही. म्हणजे येते, ते मला जितके पक्के माहीत आहे तितके दुसरे काहीच माहीत नाही. तुझ्या पत्राच्या शेवटी तू मला हाक मारून लिहिले आहेस: "फुले, बाया मलेच वाफा सांभाळ म्हनून राह्यल्या. पन माह्या हातानं बी उगवत नाही हे तुले मालूमच हाय. तवापासून मी जमिनीत एक दाना टाकला नाही. तू तिकडूनच चाळीस रोपं करून धाड." मी या पत्राचा पहिला मसुदा केला होता. त्यात लिहिले होते की चाळीस रोपे बसने पाठवणे अवघड आहे, कंडक्टर घेणार नाही. तो मसुदा मी फाडला. सुरुवातीला लिहिलेले तपासणीचे कारणही खरे नाही. तपासणी जानेवारीतच झाली.

राही, मला काय माहीत आहे ते आता सांगते.

१९८४च्या होळीआधीचा तो शनिवार. गुरुजींनी वर्गात तीनदा सांगितले होते: आधी पाणी उकळायचे, भांडे चुलीवरून खाली उतरवायचे, मग त्यात बी टाकायचे आणि रात्रभर तसेच राहू द्यायचे. या बियांची साल दगडासारखी. गरम पाण्याने ती मऊ पडते. काम आपल्या दोघींवर सोपवले होते. आमच्या घरी दुकानामागे एकच खोली, म्हणून तुमच्या अंगणातल्या चुलीवर, घुगऱ्या शिजवायच्या त्या मोठ्या गंजात पाणी ठेवले. तेवढ्यात ढोरे आली. तू म्हणालीस, "फुले, मी ढोरं बांधून येतो. पाणी उकळलं का गंज खाली उतरव, मंग बी टाक." जाता जाता हसून असेही म्हणालीस, "नाहीतर बसशीन पुस्तकात तोंड घालून!"

मी खरेच तेच करत होते. शाळेच्या कपाटातली एक कादंबरी मी ओच्यात लपवून आणली होती. पाणी उकळले. गंज जड होता, फडके सापडेना, आणि पुस्तकातली मुलगी नेमकी घर सोडून निघाली होती. मी विचार केला, आधी बी टाकते, हे पान संपले की उतरवते. मी चुलीवरच बी टाकले. आणि पाने संपत गेली. भानावर आले तेव्हा बी गंजात टणाटणा उडत होते आणि पाणी चहासारखे झाले होते. मी पदराने गंज उतरवला. तू गोठ्यातून आलीस, विचारलेस, "उतरवून टाकलं ना बी?" मी म्हणाले, "हो."

हा एवढा एकच शब्द मी त्या दिवशी बोलले.

दुसऱ्या दिवशी तीनशे काळ्या पिशव्या भरून तयार होत्या. मुले म्हणाली, बी राहीच्या हातानं टाकू, तिच्या घरची सरकी सगळ्यांच्या आधी उगवते. आपल्याकडे घरच्या लेकीच्या हातून पहिले बी पडते, आणि तुमच्या वावरात तू सहा वर्षांची होतीस तेव्हापासून ते टाकत होतीस. तीनशे पिशव्यांत तू एकटीने बी टाकलेस. मी तुझ्यामागून पाणी घालत होते. मृत बियांना पाणी घालत होते, आणि मनात म्हणत होते, काही होणार नाही, निम्मे तरी उगवेल.

पंधरा दिवसांत एकही उगवले नाही. गुरुजींनी एक पिशवी फोडली, बी बोटांत दाबले, आतून पांढरा लगदा निघाला. "हे उकडलं आहे," ते म्हणाले. "चुलीपाशी कोण होतं?"

तू म्हणालीस, "आमी दोघी व्हतो गुर्जी."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. "पंचफुला, मी सांगितलं तसंच केलंत ना?" मी खाली पाहत मान हलवली. होकारार्थी. गुरुजींनी पुढे काहीच विचारले नाही. पहिल्या नंबराची मुलगी, लाजरी, कधी चुकत नाही आणि कधी खोटे बोलत नाही. माझ्या लाजरेपणाला सगळे गुण म्हणत आले. त्या दिवशी तो माझा आडोसा झाला, राही. तुम्ही मुलींसाठी झाडांचा आडोसा उभा करत होतात. मला माझा आयताच मिळाला.

पुढचे तुला माहीत आहे. भिवाजीने मागच्या बाकावरून आरोळी ठोकली, "राहीनं बियाच्या घुगऱ्या केल्या रे!" आणि तेव्हापासून तू 'घुगरी' झालीस. पाणवठ्यावर, रस्त्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तू मला एकदा म्हणाली होतीस, "मीच रातच्याला गंज निखाऱ्यापाशी ठेवला आसन वं." मी तुला 'नाही' म्हणाले नाही. गुरुजी जूनमध्ये आपल्या दोघींना आदिलाबादच्या वसतिगृहात घालणार होते. लेकीला पाठवायला चंपतकाका जवळजवळ तयार झाले होते. मग त्यांनी गुरुजींना आमच्या दुकानासमोर उभे राहून सांगितले, "जिच्या हातानं बी उगवत नाही, थे शिकून काय उजेड पाडन?" मी आत पोत्यांच्या मागे होते. गुरुजींनी रदबदली केली. मी ऐकत राहिले. त्या पावसाळ्यात गुरुजींनी वनखात्याच्या नर्सरीतून तयार रोपे आणली आणि शाळेमागे लावली. तेव्हा तू शाळेत नव्हतीस. कुंपणाबाहेर शेणाची पाटी घेऊन उभी होतीस.

एक गोष्ट राहिली. ती लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होत नाही. मृगाला चंपतकाका आमच्या घरी आले आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या पोरीचा हात चांगला हाय. सरकीचा पयला दाना तिलेच टाकू द्या यंदा." दुकानदाराची पोर मी, वावरात कधी वाकले नव्हते. मी गेले. तुझ्या ओटीतली सरकी देवकामावशींनी काढून माझ्या ओटीत घातली. तू बांधावर पाण्याचा हंडा घेऊन उभी होतीस. मी दाणे टोबले आणि ते उगवले. सगळे म्हणाले, पाहा, हुशार पोरीचा हात. आठवड्याने मी वसतिगृहात गेले.

अकरा वर्षे मी स्वतःला सांगत आले की कदाचित बीच खराब असेल. तुझे पत्र आल्यावर मी खात्री करायची ठरवली. शाळेच्या कपाटात बरणीत गेल्या वर्षीचे बी होते. वीस दाणे मी गुरुजींच्या रीतीने, भांडे खाली उतरवून मग पाण्यात टाकले. दुसरे वीस दाणे चुलीवर उकळत्या पाण्यात टाकले. किती वेळ? तेच पुस्तक अजून त्याच कपाटात आहे. मी ते पान शोधले, आणि चुलीपाशी बसून त्या दिवशी वाचली होती तितकी पाने वाचली. अकरा. मग गंज उतरवला. चाळीस पिशव्या, एकच माती, एकच हात, माझा. दोन आठवडे थांबले, म्हणून पत्राला उशीर झाला. पहिल्या विसांतले सतरा उगवले. दुसऱ्या विसांतला एकही नाही.

तेव्हा दोष तुझ्या हाताचा नव्हता. कधीच नव्हता.

हे नुसते तुला लिहिणे सोपे होते. पत्रात माझा चेहरा दिसत नाही. म्हणून परवा रविवारी मी तुझ्या माहेरी गेले. चंपतकाका ओट्यावर दोरी वळत होते, देवकामावशी ज्वारी पाखडत होत्या. माझा आवाज नेहमीसारखाच बसला. काका म्हणाले, "जरा मोठ्यानं बोल मास्तरीन, ऐकू येत नाही." म्हणून तेच सगळे मला पुन्हा, मोठ्याने सांगावे लागले. शेजारची माणसे दारात आली. देवकामावशींचे सूप थांबले.

काकांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग विचारले, "किती उगवले म्हनतं?"

"सतरा, काका. विसांतले."

"अन् उकळले थे?"

"एकही नाही."

ते उठून गोठ्यात गेले. देवकामावशी म्हणाल्या, "काऊन नाही बोलली वं तवा? माही पोर हंडा घेऊन उभी व्हती..." त्यांनी सूप बाजूला सारले. मग म्हणाल्या, "तू जा आता घरी. हे माणूस कोनासमोर रडत नाही." मी निघाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे वाटत राहिले.

काल सकाळी प्रार्थनेच्या वेळी काका शाळेत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. कोणाशी न बोलता सरळ मागे गेले, झाडांखाली बसले आणि एकेक शेंग वेचून धोतराच्या सोग्यात टाकू लागले. कुसुमबाईने विचारले, "काय करून राह्यले दादा? शेळ्या खात नाहीत त्या." ते म्हणाले, "शेळ्याले नाही, पोरीले." प्रार्थना संपल्यावर त्यांनी ती पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिले नाही. "राहीले धाडून दे. म्हनाव, बापानं येचल्या. अन् मिरगाले ये म्हनाव, जवायाले घेऊन. सरकी तिची वाट पाहून राह्यली."

म्हणून मी रोपे पाठवत नाही. ती सतरा रोपे माझ्या अंगणात आहेत. तुझ्या पत्राची वाट पाहून मग शाळेच्या पुढच्या बाजूला लावीन. तुला मी फक्त ही पुरचुंडी पाठवते आहे, काकांनी बांधली तशीच. गाठ मी सोडलेली नाही.

मला क्षमा कर असे लिहावे की नाही, याचा मी फार विचार केला. तो शब्द मी उशिराच्या पत्राबद्दल वर सहज वापरून बसले आहे. याला तो पुरत नाही. तुला उत्तर द्यावेसे वाटले नाही तर देऊ नकोस. बी तेवढे लाव. मंडळाच्या बायकांना सांग, वाफा तूच सांभाळणार. तुझ्या क्वार्टरात तुझ्या मनासारखे भांडे घे, पाणी उकळू दे, भांडे चुलीवरून खाली उतरव आणि मग बी टाक. रात्रभर राहू दे. सकाळी बी फुगलेले दिसेल. बयनाला शेजारी बसव आणि पहिला दाणा स्वतःच्या हाताने टाक. दहाव्या दिवसापासून पाहत जा.

गुरुजी आज हयात असते तर त्यांच्या प्रश्नाला मी वर्गात उभी राहून उत्तर दिले असते. ते नाहीत, म्हणून तुला देते.

चुलीपाशी मी होते.

फुला